समुद्रापार मेलेल्या शिपायांच्या नोंदी

लालबाग-परळच्या चाळींतून ज्यांच्या चार पिढ्या गेल्या, अशा घरांतील जुन्या ट्रंकेंत केव्हां केव्हां एक जड, काळवंडलेली ब्राँझची चकती सांपडते. तिचा व्यास सुमारें १२ सेंटिमीटर. तीवर ब्रिटानिया देवीची व सिंहाची आकृति असते आणि एका चौकटींत उठावाच्या इंग्रजी अक्षरांत एका माणसाचें नांव असतें. हुद्दा नाहीं, पलटण नाहीं, गांव नाहीं, तारीख नाहीं. पहिल्या महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या वारसांस ब्रिटिश सरकारनें पाठविलेली ती स्मृतिचकती होय. मरणांत सर्व सारखे, म्हणून हुद्दा कोरावयाचा नाहीं, असा त्यामागें विचार होता. विचार उदात्त खरा. परंतु शंभर वर्षांनीं पणतूनें ती चकती हातीं घेतली म्हणजे आपला पणजा कोणत्या पलटणींत होता, कोठें पडला, केव्हां पडला, यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर ती देत नाहीं.

हे प्रश्न केवळ जिज्ञासेचे नव्हत. हिंदु घरांत मृताची तिथि माहीत असावी लागते. ती न कळल्यास भाद्रपदांतील सर्वपित्री अमावास्येस श्राद्ध करावें, अशी सोय शास्त्रकारांनीं ठेविली आहे, आणि ‘लढाईवर गेलेल्या’ पूर्वजाचें पान अनेक घरांतून त्याच दिवशीं वाढलें जात आलें आहे. परंतु तिथीच्या अगोदर आणखी एक प्रश्न उभा राही: माणूस मेला, हें तरी निश्चयानें कोणीं सांगावें? बेपत्ता मनुष्याची बारा वर्षें वाट पाहावी आणि मग पळसाच्या पानांची प्रतिकृति करून तिला अग्नि द्यावा, हा पालाशविधि फार जुना. सात वर्षें ज्याची कांहींच वार्ता नाहीं तो मृत समजावा, हें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचें १०८ वें कलम होतें. या सात आणि बारा वर्षांच्या अवधींत एखाद्या बाईनें कुंकू लावावें कीं पुसावें, जमिनीवर मुलाचें नांव चढवावें कीं थांबावें, याचा निर्णय पलटणीच्या डेपोंतून येणाऱ्या एका कागदावर अवलंबून असे. तो कागद आला तर दुःख. न आला तर दुःखाहून वाईट अशी एक अवस्था.

मुंबईचा या गोष्टीशीं संबंध दुहेरी आहे. शिपाई येथूनच बोटीवर चढत, आणि त्यांचे भाऊबंद येथेंच राहत. रत्नागिरी, कुलाबा व सातारा या जिल्ह्यांतील गांवांनीं जशी गिरण्यांना माणसें दिलीं तशींच पलटणींनाहि दिलीं. एक भाऊ परळच्या गिरणींत साच्यावर, दुसरा मराठा पलटणींत, तिसरा गांवीं शेतावर, अशी वांटणी त्या काळीं नवलाची नव्हती. सरकारी पत्र मात्र गांवच्या पत्त्यावर जाई. तें वाचून घेण्यासाठीं कोणी तरी तें मुंबईस घेऊन यावें, चाळींतल्या एखाद्या कारकुनानें त्याचा अर्थ सांगावा, आणि मग कागद पुन्हां गांवीं जावा किंवा येथेंच ट्रंकेंत राहावा. आज एका घराचे कागद दोन ठिकाणीं विभागलेले आढळतात, याचें कारण बहुधा हेंच असावें.

गांवांनीं किती माणसें दिलीं याची खूण कांहीं गांवांतून अजून आहे. या गांवांतून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले व त्यांपैकीं इतके कामास आले, असें सांगणारी एक लहानशी दगडी पाटी चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतींत बसविलेली असते. साताऱ्याजवळचें अपशिंगे, ज्यास लोक ‘मिलिटरी अपशिंगे’च म्हणतात, त्या एका गांवचे ४६ लोक त्या युद्धांत मेले. या पाट्यांवर संख्या असते. नांवें बहुधा नसतात. हाच संख्येचा प्रकार पुढें फार मोठ्या प्रमाणावर भेटावयाचा आहे.

१९१४ च्या ऑक्टोबरांत मुंबई बंदरांतून एक सैन्य इराणच्या आखाताकडे निघालें. त्या वेळीं त्याचा मुक्काम कोठें पडावयाचा हें शिपायांस माहीत नव्हतें. ६ नोव्हेंबर रोजीं तें सैन्य शत्-अल्-अरब नदीच्या मुखाशीं फाव येथें उतरलें, आणि मेसोपोटेमियाची मोहीम सुरू झाली. सहाव्या म्हणजे पुणें डिव्हिजनमध्यें १०३ वी व ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा अशा तीन मराठा पलटणी होत्या. वर्षभर जय मिळत गेला. मग १९१५ च्या नोव्हेंबरांत बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथें सैन्याची फार नासाडी झाली व तें मागें हटून कुत-अल्-अमारा येथें कोंडलें गेलें. १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० लोक तुर्कांच्या स्वाधीन झाले. उन्हांतून, उपाशी, वाळवंटाच्या वाटेनें ते उत्तरेकडे हांकले गेले आणि त्यांपैकीं हजारों वाटेंत व छावण्यांत मेले.

नोंदी हरवल्या कशा, याचें उत्तर या हकीकतींतच आहे. टेसिफॉनच्या जखमींना नदींतून खालीं आणण्यास पुरेशा बोटी नव्हत्या, डॉक्टर नव्हते, पट्ट्या नव्हत्या. ‘मेजिदिया’ नांवाची बोट जखमींनीं भरून बसऱ्यास लागली तेव्हां ‘व्हरेला’ या इस्पितळी जहाजावरील डॉक्टर मेजर कार्टर यांनीं जें पाहिलें, तें पुढें मेसोपोटेमिया कमिशनपुढें सांगितलें गेलें. कमिशनचा अहवाल १९१७ सालीं प्रसिद्ध झाला आणि हिंदुस्थान-मंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना जागा सोडावी लागली. ज्या बोटीवर जखम बांधण्यास माणूस नव्हता, तेथें मरणाऱ्याचें नांव लिहून घेण्यास कारकून कोठून असणार? टायग्रिसच्या कांठीं अमारा येथें डाव्या तीरावर हिंदी सैनिकांचें एक स्मशानस्थान आहे. सुमारें ५,००० हिंदी लोकांची तेथें गणना होते, आणि त्यांतील अवघ्या ९ जणांची ओळख पटली आहे. दफन-दहनाची पुरती नोंद सैनिकी अधिकाऱ्यांनीं ठेविलीच नाहीं, असें त्याचें कारण दिलें जातें.

जे जखमी जगून मुंबईस परत आले त्यांपैकीं कांहींचा शेवट येथेंच झाला. आज ज्या घुमटाच्या इमारतींत मुंबईचें वस्तुसंग्रहालय आहे, ती इमारत युद्धाच्या काळांत लष्करी इस्पितळ होती. संग्रहालय म्हणून ती १९२२ सालीं उघडली. जो येथें मेला त्याची नोंद येथें झाली. जो बसऱ्यास मेला त्याची मुंबईंत झाली नाहीं. मृत्यु जेथें घडतो तेथें तो नोंदावयाचा, हा नियम पूर्वीं होता व आजहि आहे. त्यामुळें परळच्या किंवा दादरच्या म्युनिसिपल कचेरींत जाऊन मेसोपोटेमियांत मेलेल्या पणजोबाचा दाखला मागणाऱ्यानें रिकाम्या हातानें परतावें, यांत त्या कचेरीचा दोष नसतो.

मग नोंद कोठें आहे? १९१७ च्या मे महिन्यांत इंपीरियल वॉर ग्रेव्हज् कमिशन स्थापन झालें. १९६० पासून त्याच्या नांवांत ‘इंपीरियल’च्या जागीं ‘कॉमनवेल्थ’ आलें. साम्राज्याच्या प्रत्येक मृत सैनिकाचें स्मारक व्हावें, त्यांत हुद्दा, वंश, धर्म यांचा भेद नसावा, हें त्याचें तत्त्व. ज्याची कबर माहीत आहे त्यास शिळा, आणि ज्याची कबर नाहीं किंवा ज्याचें दहन झालें त्याचें नांव भिंतीवर. फ्रान्समध्यें हें तत्त्व पाळलें गेलें. २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं न्यूव्ह शापेल या खेड्यावर खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व्या व २१ व्या कंपन्या चालून गेल्या व त्यांचे गोरे अधिकारी जवळजवळ सर्व पडले किंवा जखमी झाले. त्याच गांवाजवळ १९२७ सालीं उभारलेल्या स्मारकाच्या वर्तुळाकार भिंतीवर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचीं नांवें आहेत. सुभेदाराचें आहे तसें साध्या शिपायाचेंहि आहे.

बसऱ्यास तसें झालें नाहीं. तेथील स्मारक मकील येथें नदीकांठीं २७ मार्च १९२९ रोजीं उघडलें गेलें. १९१४ च्या शरद् ऋतूपासून १९२१ च्या ऑगस्टअखेरपर्यंत मेसोपोटेमियांत मेलेल्या व ज्यांची कबर ज्ञात नाहीं अशा ४०,००० हून अधिक लोकांसाठीं तें आहे. त्यांतील बहुसंख्य हिंदी. गोऱ्या सोजिरांचीं नांवें भिंतीवर कोरलीं गेलीं. हिंदी अधिकाऱ्यांचींहि कोरलीं गेलीं. परंतु हिंदी हवालदार, नाईक व शिपाई यांच्या बाबतींत पलटणीचें नांव, खालीं सुभेदार-जमादारांचीं नांवें, आणि त्यानंतर ‘व इतर इतके हिंदी सैनिक’ असा आंकडा, एवढ्यावर काम भागविण्यांत आलें. अपशिंग्याच्या पाटीवरचा ४६ हा आंकडा निदान गांवकऱ्यांना माणसामाणसाची आठवण देऊं शकत होता. बसऱ्याच्या भिंतीवरील आंकडा कोणाला काय सांगणार?

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नांवें नव्हतींच म्हणून आंकडा घातला, असें नव्हे. अमाऱ्याच्या दफनाची नोंद नव्हती हें खरें. परंतु कोणता शिपाई परत आला नाहीं, हें त्याच्या पलटणीस माहीत होतें. प्रत्येक शिपायाचा शीट रोल असे आणि त्यावर त्याचें नांव, बापाचें नांव, जात, गांव, तालुका व जिल्हा हीं सर्व लिहिलेलीं असत. त्याच्या वारसाचें नांवहि दफ्तरांत असे. नाहीं तर कुटुंबास पेन्शन पोंचतें ना. दगडावर मात्र त्यास जागा मिळाली नाहीं. खेड्यांतील अशिक्षित माणसास इतक्या दूरच्या दगडावर नांव असलें काय, नसलें काय, अशी त्या काळच्या कारभाऱ्यांची समजूत होती. त्या समजुतीस त्यांनीं काटकसरीची व सोयीची जोड दिली. लंडनमधील बारोनेटाच्या मुलाचें नांव फ्रान्समध्यें कोरतांना त्याची आई तें पाहावयास येईल कीं नाहीं, हें कोणीं विचारलें नव्हतें.

ही चूक कबूल होण्यास फार वर्षें लागलीं. कमिशननें नेमलेल्या एका विशेष समितीचा अहवाल २२ एप्रिल २०२१ रोजीं प्रसिद्ध झाला. हिंदी, आफ्रिकी व इतर मिळून ४५,००० ते ५४,००० मृतांचें स्मारक असमान रीतीनें झालें, आणि याशिवाय निदान १,१६,००० लोकांचें, कदाचित् ३,५०,००० पर्यंत, नांवानें स्मारक झालेंच नाहीं किंवा मुळींच झालें नाहीं, असें त्यांत म्हटलें आहे. या दुसऱ्या संख्येंत मुख्य भरणा पूर्व आफ्रिका व मिसर येथील हमालांचा आहे. त्याच दिवशीं ब्रिटनचे संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांनीं पार्लमेंटांत क्षमा मागितली. बसऱ्याची भिंत तोपर्यंत जागेवरहि राहिली नव्हती. सद्दाम हुसेन याच्या हुकुमानें १९९७ सालीं ती मकीलहून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर दूर वाळवंटांत नेण्यांत आली.

भिंत दूर गेली तरी नांवें आतां घरबसल्या शोधतां येतात, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट. कमिशननें आपली सूची १९९८ सालीं संगणकावर सर्वांसाठीं खुली केली, आणि बसरा स्मारकाच्या सदराखालीं ज्यांचें नांव भिंतीवर नाहीं असे हिंदी शिपाईहि तींत नांवानें भेटतात. नांव, नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि कित्येक ठिकाणीं ‘अमक्याचा मुलगा, अमुक गांव, अमुक तालुका’ एवढी माहिती मिळते. परंतु ती हातीं लागण्याच्या वाटेवर इंग्रजी लिपि उभी आहे, आणि मराठी नांवांचे जे हाल तिनें केले आहेत ते पाहून शाळामास्तराच्या हातांतली तांबडी पेन्सिल आपोआप वर यावी. ‘मोरे’चा ‘मोर’ होतो. ‘पवार’चा ‘पोवार’, ‘शिंदे’चा ‘सिंदे’, ‘जाधव’चा ‘जाधाव’ किंवा ‘जाधो’. ‘चव्हाणां’चे प्रकार तर मोजूंच नयेत. लिहून घेणारा कारकून बहुधा मराठी जाणणारा नसे. शिपायानें जें उच्चारलें व त्याच्या कानांनीं जें ऐकलें तें कागदावर उतरलें. म्हणून शोधणाऱ्यानें आपल्या आडनांवाचीं इंग्रजींत होऊं शकतील तेवढीं सर्व रूपें आधीं एका कागदावर लिहून काढावीं आणि एकेक लावून पाहावें. नांवांत सखाराम, गणू, रामा, धोंडी हे इतके आढळतात कीं, नांव जुळलें म्हणून माणूस सांपडला असें समजूं नये. गांव जुळलें पाहिजे.

आणि गांवांचीहि तीच तऱ्हा. शिरगांव, नांदगांव, आंबवडे या नांवांचीं गांवें एकाहून अधिक तालुक्यांत आहेत. शिवाय जिल्हे बदलले. जुन्या नोंदींतला कुलाबा १९८१ पासून रायगड झाला; त्याच वर्षीं रत्नागिरीचा दक्षिण भाग निराळा होऊन सिंधुदुर्ग झाला; साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके १९४९ सालीं तुटून दक्षिण सातारा झाले व १९६० पासून त्यांस सांगली म्हणतात. तासगांवचा शिपाई कमिशनच्या सूचींत सातारा जिल्ह्याचा असतो, हें ध्यानीं न घेतल्यामुळें वंशज हकनाक निराश होतात. पलटणींचे आंकडेहि १९२२ सालीं बदलले: १०३ वी ती पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, ११० वी ती तिसरी, ११७ वी ती पांचवी. आजोबांनीं ‘तिसरी मराठा’ म्हणून सांगितलें असेल, तर पहिल्या युद्धासाठीं ती ११० वी म्हणून शोधावी.

चकतीपेक्षां पदक अधिक बोलकें असतें. ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नांव व पलटण हीं बारीक अक्षरांत कोरलेलीं असतात; भिंगानें तीं वाचतां येतात. पण हें पदक चांदीचें, आणि अडचणीच्या दिवसांत चांदी घरांत टिकत नाहीं. तें ब्राँझचें असेल, तर माणूस लढाऊ शिपाई नसून सैन्याबरोबर गेलेला भिस्ती, खेचरवाला, स्वयंपाकी किंवा मजूर असण्याचा संभव अधिक, आणि मग पलटणींच्या याद्यांत त्यास शोधणें व्यर्थ होय. नंबरावरहि एकट्यावर भिस्त ठेवूं नये. प्रत्येक पलटणीचे नंबर निराळे, त्यामुळें एकच नंबर अनेकांचा असूं शकतो. कुतला जे कैद झाले त्यांच्यासाठीं आणखी एक जागा आहे. जिनीव्हाच्या रेड क्रॉसनें १९१४ सालींच कैद्यांच्या चौकशीचें खातें उघडलें होतें व लाखों माणसांच्या चिठ्ठ्या तेथें जमा झाल्या. २०१४ सालापासून त्याहि संगणकावर पाहावयास मिळतात.

एवढें करूनहि दोन नांवांत निवड होत नाहीं, असा प्रसंग वारंवार येतो. त्या वेळीं उत्तर लंडनच्या किंवा जिनीव्हाच्या कागदांत नसून तलाठ्याच्या दफ्तरांत असतें. मुंबई इलाख्यांत विसाव्या शतकाच्या आरंभीं हक्कनोंदणी सुरू झाली होती. जमिनीचा खातेदार मेला कीं वारसाचें नांव चढविण्यासाठीं फेरफार होई, आणि त्यांत अमका मयत, त्याचे वारस अमके, असें लिहावें लागे. खातेदार लढाईंत मेला असेल तर तसा उल्लेखहि येण्याचा संभव असतो. गांवच्या जन्ममृत्यूची वही, म्हणजे गांव नमुना १४, बाहेर मेलेल्यास कामाची नाहीं. फेरफाराची वही कामाची आहे. सरकारच्या एका खात्यानें ज्यास आंकड्यांत बसविलें, त्यास त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्यानें, केवळ दोन-अडीच एकर वरकस जमिनीसाठीं, नांव, बाप आणि वारसांसह नीट लिहून ठेविलें, असा हा चमत्कार आहे. कमिशनच्या सूचींतील ‘अमक्याचा मुलगा’ आणि फेरफारांतील ‘मयत अमका बिन तमका’ हे दोन कागद शेजारीं ठेवले आणि बापाचें नांव जुळलें, कीं शोध संपतो. सूचींतली तारीख घेऊन त्या सालच्या पंचांगांतून तिथि काढतां येते. मात्र बेपत्तांच्या बाबतींत सरकारी तारीख पुष्कळदां अनुमानानें ठरविलेली असते, हें त्या घरच्या भटजीस सांगून ठेवावें.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं नोंदी पुष्कळच सुधारल्या होत्या, तरी सर्वांस जागा सांपडली असें नाहीं. पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे, माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे, १० जुलै १९४४ रोजीं इटलींत तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत पडले. एकट्यानें मशीनगनच्या ठाण्यावर धांवून जाऊन त्यांनीं तें घेतलें आणि तेथेंच गोळी लागून ते मेले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांस मरणोत्तर मिळाला. परंतु ज्याला साम्राज्यांतला सर्वांत मोठा मान मिळाला त्या माणसाची समाधि कोठें आहे हें कमिशनलाहि सांगतां येत नाहीं. त्यांचें नांव कबर नसलेल्यांच्या कॅसिनो स्मारकावर आहे. माणगांवांत त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ च्या जुलैंत इटलींतील माँतोने या गांवीं त्यांच्या नांवानें एक छायायंत्र उभारलें गेलें.

आतां पलटणींत नव्हते, पण युद्धांतच मेले, अशांकडे वळावें लागतें. आणि त्यांच्यासाठीं मुंबईकराला कोठें लांब जावयास नको. मशीद बंदर स्थानकाच्या पूर्वेस खलाशांसाठीं बांधलेली इंडियन सेलर्स होमची इमारत आहे. तिच्यांत कमिशनचें एक स्मारक आहे, जें गिरगांव-दादरच्या शिकलेल्या लोकांपैकीं फारच थोड्यांनीं पाहिलें असेल. पहिल्या महायुद्धांत समुद्रांत बुडून मेलेल्या, ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाहीं अशा २,००० हून अधिक हिंदी खलाशांचीं नांवें तेथें आहेत. कोंकण किनाऱ्यावरचे मुसलमान व भंडारी, कच्छ-काठेवाडचे नाखवे, गोमंतकांतले बटलर व आचारी, असे निरनिराळ्या मुलखांचे लोक मुंबईंतूनच जहाजांवर चढत. गोव्याचे खलाशी धोबीतलावच्या बाजूस आपल्या गांवाच्या कुडांत पेटी ठेवून जात. पेटीचा मालक परत न आल्यास कुडाला तें सर्वांच्या आधीं कळे.

पी. अँड ओ. कंपनीची ‘पर्शिया’ ही बोट लंडनहून मुंबईस येत असतां ३० डिसेंबर १९१५ रोजीं क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीनें तोफगोळा न झाडतां, सूचना न देतां बुडविली. ५१९ पैकीं ३४३ माणसें गेलीं. त्या बोटीवर कपुरथळ्याच्या महाराजांचे जवाहीर होतें, आणि आजवर त्या बोटीविषयीं जें लिहिलें गेलें त्यांत त्या हिऱ्यामाणकांचा उल्लेख बहुतेक ठिकाणीं सांपडतो. भट्टीशीं कोळसा ओढणाऱ्यांचा तितका सांपडत नाहीं. दुसऱ्या युद्धांत १७ सप्टेंबर १९४० रोजीं ‘सिटी ऑफ बनारस’ अटलांटिकांत बुडाली. तीवर इंग्लंडहून कॅनडास पाठविलेलीं ९० मुलें होतीं. त्यांतलीं ७७ मेलीं, आणि त्या बालकांची कथा जगानें हळहळून वाचली. तसें होणें योग्यच होतें. परंतु त्याच रात्रीं त्याच थंड पाण्यांत शंभराच्या आसपास हिंदी खलाशी गेले.

दुसऱ्या युद्धांतील हिंदी आरमार व व्यापारी जहाजें यांवरील मृतांची संख्या जवळजवळ ६,५०० आहे. यांतले ४०० हून अधिक आरमाराचे, बाकीचे व्यापारी जहाजांवरचे. एवढीं नांवें भिंतीवर न कोरतां वहींत लिहिलीं गेलीं, आणि वहीच्या दोन प्रती झाल्या. खलाशी दोन किनाऱ्यांवरून गेले होते, म्हणून एक प्रत मुंबईस या खलाशीगृहांत व दुसरी चितगांवच्या युद्ध-स्मशानांत ठेवण्यांत आली. चितगांव आज बांगला देशांत आहे. फाळणी झाली, मग बांगला देश झाला, परंतु वह्या कोणीं वांटून घेतल्या नाहींत. दोन्हींत सर्वांचीं नांवें आहेत. सिल्हेटच्या कोळसेवाल्याचें नांव मशीद बंदरांत आहे, आणि हर्णै-दाभोळच्या तांडेलाचें चितगांवांत.